हळदीच्या गाडीचे रिमोल्ड टायर

मी नगरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. हे मी सहसा स्वतःहून सांगत नाही, पण इथे सांगून टाकतो. म्हणजे पुढचं वाचताना ‘या माणसाला एवढं साधं कसं कळलं नाही’ हा प्रश्न कुणाला पडणार नाही.

आमच्या गाडीचे चारही टायर गोटा झाले होते. नुकत्याच दाढी केलेल्या गालावरून फिरवावा तसा त्यांच्यावरून हात फिरायचा. बायको महिनाभर सांगत होती. मी महिनाभर ‘बघू’ म्हणत होतो. मग मे महिन्यात तिच्या भावाच्या मुलाचं लग्न ठरलं. नवरा तिसगावचा, नवरी जामखेडची. माझ्या सासुरवाडीच्या घरात नवऱ्याची उष्टी हळद नवरीकडे घेऊन जायचा मान आत्याचा असतो. आत्या म्हणजे आमची ही. हळदीची वाटी घेऊन ती आमच्याच गाडीतून जाणार, असं तिनेच जाहीर करून टाकलं आणि माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. भिशीचे पैसे. पाकिटावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘टायर’.

“नवे टाका,” ती म्हणाली. “चांगल्या कंपनीचे. हळद घेऊन जायचीय, रस्त्यात काही व्हायला नको.”

इथपर्यंत माझ्या मनात काहीही पाप नव्हतं.

पण नोकरीची पहिली काही वर्षं मी कोपरगावला काढली आहेत. गळिताच्या हंगामात तिथे रस्ता म्हणजे उसाचीच वाहतूक. ट्रक, ट्रॅक्टर, ट्रॉल्या. त्यांतल्या कितीतरी गाड्यांचे टायर रिमोल्ड असत, म्हणजे जुना झिजलेला टायर घासून त्यावर नवं रबर चढवून भट्टीत शिजवलेले. ते दृश्य माझ्या अर्थशास्त्री मेंदूत रुतून बसलं होतं. स्टाफरूममध्ये मी मुद्दा मांडला, “जे टायर ढीगभर ऊस ओढतात, ते मला, बायकोला आणि एका वाटीभर हळदीला ओढणार नाहीत का? विमानाच्या टायरांवरसुद्धा पुन्हा रबर चढवतात, माहीत आहे?” कुणाला माहीत नव्हतं. सगळे प्रभावित झाले. विमान बराचसा वेळ हवेत असतं, हा मुद्दा मात्र त्या दिवशी कुणाच्याच ध्यानात आला नाही. माझ्याही नाही.

बायपासला ट्रकची गॅरेजं आहेत, तिथे एक रिमोल्डवाला सापडला. भला माणूस. मला टाळायचा त्याने प्रामाणिक प्रयत्न केला.

“साहेब, आम्ही ट्रकचं काम करतो. कारचं आता कोणी करून घेत नाही.”

“का?”

“परवडत नाही.”

“कुणाला? तुम्हाला की गिऱ्हाइकाला?”

त्याने क्षणभर विचार केला. “कुणालाच.”

शहाण्या माणसाला एवढं पुरलं असतं. मला वाटलं, लोकांच्या नजरेतून सुटलेली बचत एकट्या मला दिसली आहे. मी चारही टायर करायला सांगितले. वर जाता जाता मी जे बोललो, ते आठवलं की अजून कान गरम होतात. भाजीवालीकडे कोथिंबिरीच्या जुडीवर चार काड्या जास्त मागाव्यात, तशा सुरात मी म्हणालो, “आणि हां, रबर जरा जाड चढवा. कंजुषी करू नका.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग टायरांकडे बघितलं, आणि जाड चढवलं.

टायर आले ते काळेकुळकुळीत, चकचकीत. वरून काहीतरी काळं पॉलिश मारलं होतं. पाकिटातले निम्म्याहून जास्त पैसे उरले. माझा बेत असा होता की संध्याकाळी चहा घेताना ते पाकीट बायकोच्या पुढ्यात ठेवायचं आणि तिच्या चेहऱ्यावरचा अभिमान बघायचा. पण मी गाडी लावून हातपाय धुऊन बाहेर येतो, तर ती ताम्हन घेऊन गाडीपाशी उभी. चारही टायरांना हळदकुंकू लावलेलं, प्रत्येकाच्या पुढे एकेक लिंबू. शेजारच्या वहिनी पेढ्याचा तुकडा खात होत्या.

“नवे किती छान दिसतात ना?” बायको म्हणाली.

माझ्या जागी तुम्ही असता तर खरं सांगितलं असतं. मी म्हणालो, “मग काय!”

एवढंच. पुढचं सगळं या दोन शब्दांतून उगवलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिसगावला पोचलो. माझे सासरे, म्हणजे सगळ्यांचे आबा, अंगणात बाजेवर बसले होते. आबांनी जमीन कसायच्या आधी वीसेक वर्षं ट्रक चालवला आहे. हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. तरीसुद्धा मी गाडी त्यांच्या बाजेसमोर, त्यांच्या डोळ्यांपासून चार फुटांवर उभी केली.

बायको आत गेली. आबा उठले, मागच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि टायरच्या आतल्या अंगाने तळवा फिरवला. वैद्याने नाडी बघावी तसा. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, “जावईबापू, ह्यो कितव्यांदा जलमाला आला?”

मी इकडे तिकडे बघितलं. “आबा, हळू.”

“व्हय का? म्हंजी तिला म्हाईत न्हाई.”

“नाही.”

आबांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो नातवाच्या लग्नातही नंतर दिसला नाही. “म्होरचंबी?”

“चारही.”

“अवो, म्होरं कोन घालतं रिमोल्ड? ट्रकला म्होरं नवंच लागतं. मागं घालायचं.” त्यांनी रबर दाबून बघितलं. “आन् येवढं जाड का चढावलंय ह्यानं?”

“मीच सांगितलं. जाड चढव म्हणून.”

आबांनी डोळे मिटले. “जाड रबर आतनं तापतं. मे म्हयन्याचा डांबरी रस्ता, वर तुमची नव्वदची चाल. सालपाट निघंल केळ्यावानी.”

“मग दुसरी गाडी बघू का?”

“आता? समद्या गाड्या वऱ्हाडाला लावल्यात. आन् दुसरी गाडी का, म्हून ती इचारंल. काय सांगनार?” मग त्यांनी निकाल दिला, “मी बसतो म्होरं तुमच्याशेजारी. चाळीस-पन्नासच्या वर जायचं न्हाई. सकाळी गारव्यात निघू. साडेधाच्या आत हळद पोचली म्हंजी झालं.”

म्हणजे गप्प बसायच्या बदल्यात आबांना पुढची सीट मिळाली. ती त्यांना एरवीही मिळाली असती, पण आता ती त्यांनी जिंकलेली होती.

सकाळी सातला निघायचं ठरलेलं. नवऱ्याच्या मित्रांनी त्याला हळद लावायच्या नावाखाली अशी काही माखली की त्याचे डोळे शोधून चष्मा बसवण्यातच वेळ गेला. निघायला पावणेआठ झाले. मागच्या सीटवर बायको, मांडीवर रुमालाने बांधलेली हळदीची वाटी. तिच्या शेजारी करवली, म्हणजे नवऱ्याची बहीण. डिकीत साड्या आणि लाडवांचे डबे. पुढे आबा, त्यांचा उजवा हात माझ्या गुडघ्याच्या टप्प्यात.

बायकोने निघताना नवरीच्या आईला फोन लावला. “निघालो हो. नवरीला बसवा पाटावर.” त्यांच्या घरचा रिवाज असा की एकदा नवरी पाटावर बसली की नवऱ्याकडची हळद अंगाला लागल्याशिवाय तिने उठायचं नाही. हे वाक्य ऐकलं आणि माझा पाय आपोआप दाबला गेला. लगेच गुडघ्याला आबांचं बोट टोचलं. मी पन्नासवर आलो.

करंजीचा घाट ओलांडला, नगर आलं, नगर गेलं. पन्नास. जामखेड रस्त्याला लागलो. पन्नास. एक जीप आम्हाला ओलांडून गेली. मग एक टेम्पो. मग एक शाळेची बस, सुट्टीत कुठे चालली होती देव जाणे. मग कडबा भरलेला एक ट्रॅक्टर बराच वेळ आमच्या मागे राहिला आणि शेवटी कंटाळून हॉर्न वाजवत पुढे गेला. कडब्याच्या काड्या काचेवर पडल्या.

“अहो,” मागून आवाज आला, “गाडीला काही झालंय का?”

“नाही. हळद सांडायला नको म्हणून.”

“हळद रुमालात बांधलीय. ती काय पातेल्यातली आमटी आहे?”

“बेटा,” आबा समोर बघत म्हणाले, “ह्या रस्त्यानं पन्नासच बरी. लई वळनं हायती.”

बाहेर रस्ता मोजपट्टीसारखा सरळ होता.

नवरीकडून पहिला फोन आला. करवलीने सांगितलं, “कुठवर आलात, विचारतायत.” दुसरा फोन आला. तिसऱ्या फोनवर नवरीची आई थेट बायकोशी बोलली. पोरगी दोन तास पाटावर बसली आहे, घामाने निथळतेय, पायाला मुंग्या आल्यात, आणि भटजींना दुसरीकडे जायचं आहे. बायकोने फोन ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, “माझ्या हातात हळद दिली आणि मी उशीर केला, असं आयुष्यभर म्हणतील. एवढं एकच तर मागितलं होतं तुमच्याकडे.”

ती चिडली असती तर मी पन्नासवर राहिलो असतो. चिडण्याची मला सवय आहे. पण हा आवाज मला झेपला नाही. तिथेच गाडी थांबवून सगळं सांगून टाकायला हवं होतं. ते सोडून मी वेग वाढवला. साठ. सत्तर. आबांचं बोट गुडघ्यात रुतलं. ऐंशी. आबांनी आता चिमटाच काढला. कडा गाव मागे टाकलं होतं, ऊन चढलं होतं, रस्ता तव्यासारखा तापला होता, आणि बायको मागून म्हणत होती, “हां, आत्ता कशी चालली!”

तेवढ्यात मागच्या बाजूने आवाज यायला लागला. फट. फट. फट. मग फटफटफटफट. खालून कुणीतरी दांडक्याने गाडी बडवत असल्यासारखा. करवली किंचाळली. आबा म्हणाले, “ब्रेक नका मारू. गप सोडा.” मी पाय काढून घेतला. एक मोठा दणका बसला, काहीतरी फाटल्याचा आवाज आला, आणि गाडी लंगडत लंगडत एका बाभळीपाशी थांबली.

आम्ही उतरलो. मागे रस्त्याच्या मधोमध रबराची एक लांब काळी पट्टी वेटोळं घालून पडली होती.

“अहो, ते काय पडलंय?” बायकोने विचारलं.

आणि मी, देवाशप्पथ सांगतो, तेव्हासुद्धा म्हणालो, “ट्रकचं असेल कुठल्यातरी. या रस्त्यावर पडलेलं असतंच.”

“काका,” करवली मागच्या चाकापाशी वाकून म्हणाली, “आपलं चाक उघडं पडलंय.”

चाकात हवा होती, पण वरचं सगळं जाड रबर सोलून निघालं होतं आणि जाता जाता त्याने मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिक उपटून नेलं होतं. बायको चाकाकडे बघत राहिली. मग पट्टीकडे. मग माझ्याकडे.

“नव्या टायरची साल निघते?”

मी आबांकडे बघितलं. आबा बाभळीला शेंगा किती लागल्यात ते बघत होते.

“नवे नाहीत,” मी म्हणालो. “रिमोल्ड आहेत.”

“चारही?”

“चारही. पण पैसे आहेत. तुझे उरलेले पैसे तसेच्या तसे आहेत, पाकिटात, कपाटात.”

“मी पैसे विचारले का?” ती म्हणाली. “मी त्यांना कुंकू लावलं. शेजाऱ्यांना पेढे वाटले. तुम्ही बाजूला उभं राहून बघत होतात. पेढा खाल्लात तुम्ही.”

दोन खाल्ले होते. पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

मग ती वळली. “आबा, तुम्हाला माहीत होतं?”

“मला कालच कळलं.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं तर तू कालच ह्यास्नी घराभाईर काढलं असतंस. पाव्हन्यांम्होरं कसं दिसलं असतं?”

“वळणं आहेत म्हणे रस्त्याला!”

आबांनी टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली.

मी स्टेपनी काढायला डिकी उघडली, तर आधी साड्या, मग लाडू, मग आणखी लाडू. बायकोने माझ्याकडे पाठ फिरवली, पदर खोचला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन हात केला. कलिंगडांनी भरलेला एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. “काय झालं, ताई?”

“जामखेडला निघालात का?”

“व्हय. बाजारात.”

ती केबिनकडे गेली नाही. आधी टेम्पोला एक चक्कर मारून तिने चाकं बघितली.

“टायर कसले आहेत?”

ड्रायव्हर बावचळला. गाडी थांबवून हे आजवर त्याला बहुतेक आरटीओनेच विचारलं असेल. “म्होरचं कंपनीचं हायती. मागचं रिमोल्ड.”

“किती वेगाने जाता?”

“पन्नासच्या आत. जोरात गेलं की खालची कलिंगडं फुटत्यात.”

बायको माझ्याकडे वळली. “ऐकलं? याला मी ओळखतही नाही. तरी खरं सांगितलं याने.”

ती हळद घेऊन केबिनमध्ये चढली, करवली चढली, आणि टेम्पो पन्नासच्या आत जामखेडच्या दिशेने निघून गेला.

मी आणि आबा उरलो. मी जॅक लावला, आबा सावलीत बसून सूचना देत होते. नट सैल करता करता मी विचारलं, “म्हणजे रिमोल्ड वाईटच म्हणायचं ना, आबा?”

“कोन म्हनतं? मी अर्धं आयुष्य त्याच्यावर काढलं. पर आमी दोन हजार किलोमीटर जायाचं तर दोन हजार डाव हात लावून बघायचो, तापलंय का म्हून. ट्रकला टायर लई लागत्यात, लई झिजत्यात, तितं वाचतं. तुमी म्हयन्यातनं दोनदा तिसगावला येनार. तुमचं काय वाचनार, सांगा?”

अर्थशास्त्राच्या माणसाने पाना फिरवता फिरवता हिशोब केला. जे वाचलं होतं ते मडगार्डमध्ये गेलंच होतं, आणि टायर पुन्हा घ्यायचे होतेच.

स्टेपनी लावून, उरलेल्या तीन रिमोल्डांना थांबून थांबून हात लावून बघत आम्ही साडेबारानंतर जामखेडला टेकलो. हळद झाली होती. पाऊण तास उशिरा, पण झाली होती. भटजींनी दुसरीकडे जायचं पुढे ढकललं होतं. मांडवाच्या दारात नवरीचे काका हात जोडून उभे होते.

“या, या पाव्हणं. तीन चाकांवर आलात की चार?”

बातमी माझ्याआधी पोचली होती. पंगतीत वाढपी विचारून गेला, ‘मठ्ठा घालू का टायरवाल्यांना?’ पिवळीजर्द झालेली नवरी मला बघून पदराआड हसली आणि तिने पाय चोळून दाखवले. मी हात जोडले. वऱ्हाड यायचं होतं, लग्न गोरज मुहूर्तावर होतं. मध्ये सगळी दुपार मोकळी. तीनच्या सुमाराला बायको पैठणी नेसून माझ्यासमोर उभी राहिली.

“चला.”

“कुठे?”

“टायरच्या दुकानात.”

मी डोक्याला फेटा बांधलेला, ती पैठणीत, मागे आबा. जामखेडच्या त्या दुकानदाराला वाटलं आम्ही वर्गणी मागायला आलो. बायकोने टायर स्वतः निवडले, कोणत्या साली बनले ते बाजूच्या आकड्यांवरून समजून घेतलं, प्रत्येकाच्या आतल्या अंगाने हात फिरवला. आबांनी मान डोलावली. चार टायर बसवायला तासभर लागणार होता. आम्हाला बाकडं दिलं. चहा आला.

ती चहाचा एक घोट घेऊन म्हणाली, “आता तासभर आहे. घरात अजून काय काय जुनं आहे, जे मला नवं म्हणून दिलंय?”

“काही नाही.”

तिने कप खाली ठेवला. तिचं कप खाली ठेवणं मला कळतं.

“गाडीची बॅटरी,” मी म्हणालो.

“हं.”

“मिक्सर. तो दुरुस्तीवाल्याकडचा होता. पॉलिश केलेला.”

आबांनी बशीतला चहा फुंकर न मारताच पिऊन टाकला.

“पुढे?”

“दिवाणखान्यातला पंखा.”

“तो खडखडतो तो?”

“हो. पहिल्यापासून खडखडायचा. म्हणून तर स्वस्त मिळाला.”

तिसरं चाक बसत होतं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मी फेटा सैल केला, पुन्हा घट्ट केला, आणि तिच्या हातातल्या मोबाईलकडे बघितलं. तो मी तिला लग्नाच्या वाढदिवसाला दिला होता, रिबिन बांधून.

तिने माझी नजर पकडली. मग सावकाश मोबाईलकडे बघितलं. उलटा करून मागून बघितला. पुन्हा सुलटा केला.

“हाही?”

“कंपनीनेच दुरुस्त करून विकलेला,” मी म्हणालो. “सहा महिन्यांची गॅरंटी होती.”

दुकानदाराने शेवटचा नट आवळला, हात पुसले आणि हिशोबाचा कागद पुढे केला. मी खिशात हात घातला, पण तिने मला थांबवलं. स्वतःचा मोबाईल उचलला, दुकानदाराच्या गल्ल्यावर चिकटवलेल्या चौकोनी छाप्यावर धरला, आकडा टाकला. दुकानातल्या डबीतून बाई बोलली, पैसे मिळाले.

“बघ,” मी न राहवून म्हणालो, “चालतो की नाही झकास?”

आबा माझ्या डाव्या बाजूला बसले होते. त्यांनी गुडघ्याला चिमटा काढला, पण एका वाक्याने उशीर झाला होता.